लहान कॅम्पसवर शिकणं आणि राहणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अशाच एका लहान निवासी विद्यापीठात शिकले आणि पुढे काही वर्षं वसतिगृहाची सहायक रेक्टर होते. प्रवेशाचे दिवस आले की फोन सुरू होतात. विचारणारे बदलतात, प्रश्न तेच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं आहे. सुरुवातीचे प्रश्न साधे आहेत, पुढचे अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा सांगितलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लहान कॅम्पस म्हणजे नक्की किती लहान?

ठरलेला आकडा नाही. काही शे विद्यार्थ्यांपासून दोनेक हजारांपर्यंत कुठेही रेघ ओढता येते. माझी खूण साधी आहे: अनोळखी चेहरा दिसला की 'हे पाहुणे कोणाकडे आलेत?' असं मनात आलं, तर कॅम्पस लहान. टोकाचं उदाहरण हवं असेल तर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात १९१७ साली सुरू झालेलं डीप स्प्रिंग्ज कॉलेज पाहा. तिथं एका वेळी तीसच्या आत विद्यार्थी असतात. गुरं सांभाळणं, शेतातली कामं, स्वयंपाक यांत त्यांनाच हात घालावा लागतो आणि पुढच्या वर्षीचे विद्यार्थी निवडण्यातही त्यांचा वाटा असतो.

लहान म्हणजे दुय्यम असं मात्र समजू नका. अमेरिकेतल्या कॅलटेक या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत पदवीचे विद्यार्थी जेमतेम हजाराच्या आसपास असतात, आणि त्या संस्थेचं नाव विज्ञानात कुणाला सांगावं लागत नाही.

२. मोठ्या विद्यापीठापेक्षा खरा फरक कशात पडतो?

माणसं टाळता येत नाहीत. माझ्या मते सगळं याच एका गोष्टीशी येऊन थांबतं. ज्या मैत्रिणीशी सकाळी भांडलात ती दुपारी मेसच्या रांगेत तुमच्या पुढे उभी असते. ज्या मॅडमना सबमिशन दिलं नाही, त्या संध्याकाळी फिरायला त्याच रस्त्यानं येतात. मोठ्या ठिकाणी माणूस वाट बदलतो. इथं वाट एकच असते आणि ती ग्रंथालयावरून जाते.

याचा जाच होतो हे खरं. पण आजारी पडलात तर दुसऱ्या तासाला कुणीतरी दार वाजवतं, तेही याच कारणानं. एक हवं आणि दुसरं नको असं होत नाही.

३. तिथं कंटाळा येत नाही का?

येतो. साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात. तोवर सगळे रस्ते पायाखालून गेलेले असतात आणि सगळ्यांची ओळखपाळख झालेली असते. त्यानंतर काहीतरी हवं असेल तर ते आपणच सुरू करावं लागतं, आणि परवानगी मिळवणं इथं सोपं असतं. आम्ही चौघींनी एक जुना प्रोजेक्टर मागून घेतला आणि दर शुक्रवारी जिन्याखालच्या पांढऱ्या भिंतीवर चित्रपट दाखवायला लागलो. अर्जावर सही व्हायला दहा मिनिटं लागली, कारण सही करणारे सर समोरच्याच खोलीत बसायचे.

४. वर्गात सहा-सातच जण असले तर तयारी न करता गेलेलं चालत नाही का?

चालत नाही, हे मी स्वतःवरून सांगते. दुसऱ्या सत्रात एका सेमिनारला आम्ही सहा जण होतो, लांबट टेबलाभोवती. नेमलेला लेख मी उघडलासुद्धा नव्हता आणि मान खाली घालून वहीत काहीतरी खरडत बसले होते. सरांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. तासभर ते उरलेल्या पाच जणांशी बोलत राहिले. तास संपल्यावर टेबलावरचा माझा कोरा कागद उचलून त्यांनी अलगद माझ्या हातात दिला, बस्स. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

लहान वर्गात शिकवणं संवादावर चालतं. ऑक्सफर्डमध्ये ट्यूटोरियलची पद्धत आहे: एक ते तीन विद्यार्थी आणि एक शिक्षक, समोर आठवड्याचा लिहिलेला निबंध. तिथं लपायला मागचा बाक नसतो. लहान कॅम्पसवरचे बरेच वर्ग हळूहळू तसेच होतात.

तयारीची एक युक्ती. लेख दोनदा वाचू नका. एकदा वाचा, मिटवा आणि आठवेल तेवढं कागदावर उतरवा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली नेमकी हीच तुलना केली होती. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं तपासलं तेव्हा आठवून लिहिणारे. सेमिनारच्या आदल्या रात्री पुन्हा वाचल्यावर सगळं येतंय असं वाटतं ते याचमुळे, आणि परीक्षेत तेच दगा देतं.

५. प्राध्यापक खरंच वेळ देतात, की माहितीपत्रकात लिहायला म्हणून?

बहुतेक जण देतात, पण मागावा लागतो. 'सर, काही समजलं नाही' असं म्हणत दारात उभं राहिलात तर तेही 'परत वाचून या' म्हणतील. 'तिसऱ्या पानावरचं हे समीकरण इथपर्यंत कळलं, पुढची पायरी कुठून आली?' असं विचारलंत तर अर्धा तास कुठे जातो कळत नाही.

हेही लक्षात असू द्या की लहान विभागात तीन-चारच शिक्षक असतात. शिकवणं, परीक्षा, प्रवेश, समित्या, छतातून गळणारं पाणी, सगळं त्यांच्याच अंगावर. भेटीची वेळ ठरवून जा. रस्त्यात गाठून प्रबंधाचा आराखडा पुढे करू नका, माणूस फिरायला निघालेला असतो.

६. मला हवा तो विषय मिळेल याची खात्री असते का?

नाही. लहान कॅम्पसची ही सगळ्यात मोठी उणीव आहे आणि प्रवेश घेताना ती कुणी फारशी बोलून दाखवत नाही. माहितीपत्रकात तीस ऐच्छिक विषय छापलेले असतात, प्रत्यक्षात त्या सत्रात आठ चालतात. काही विषय वर्षाआड येतात, काही किमान विद्यार्थिसंख्या भरली नाही म्हणून पहिल्याच आठवड्यात बंद होतात.

प्रवेशाआधी एवढं विचारा: गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष शिकवलेल्या विषयांची यादी मिळेल का? छापील यादी नव्हे, चाललेली. दिली तर विभाग प्रामाणिक आहे. टाळाटाळ झाली तर समजून जा. विषय बंद पडणारच असेल तर स्वतंत्र अभ्यासाचा पर्याय असतो का, तेही तेव्हाच विचारून ठेवा. एका शिक्षकाबरोबर एकट्यानं केलेला विषय बऱ्याचदा वर्गातल्या विषयापेक्षा पक्का होतो. तो शिकवणारं माणूसच नसेल तर काय, हे प्रश्न १५ मध्ये.

७. ग्रंथालय आणि प्रयोगशाळा लहानच असणार ना?

पुस्तकं कमी असतात, पण खुर्ची नेहमी मिळते. हवं ते पुस्तक नसेल तर आंतरग्रंथालय सेवेतून मागवता येतं. त्याला दिवस लागतात, म्हणून सबमिशनच्या आदल्या रात्री ग्रंथपालांकडे जाऊ नये. प्रयोगशाळेचं उलटं असतं. मोठ्या ठिकाणी चांगलं उपकरण संशोधक विद्यार्थ्यांच्या रांगेत अडकलेलं असतं. इथं उपकरण एकच, पण पदवीच्या दुसऱ्या वर्षालाच हाताळायला मिळू शकतं. ते बिघडलं तर मात्र सगळ्यांचंच काम थांबतं.

८. रूममेट निवडता येते का? नाही पटलं तर काय करायचं?

पहिल्या वर्षी बहुधा नाही, यादीच लागते. बदल मागता येतो, पण खोल्या मोजक्याच असल्यामुळे कुणीतरी अदलाबदलीला तयार व्हावं लागतं.

माझी रूममेट पहाटे साडेचारचा गजर लावायची आणि स्वतः उठायची नाही. गजर पाच-पाच मिनिटांनी वाजत राहायचा, जागी मी. महिनाभर काही बोलले नाही. मग एके पहाटे तिचं घड्याळ उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवून आले. त्यानंतर तीन आठवडे आमच्यात शब्द नाही, आणि खोली दहा बाय बाराची! शेवटी तीच म्हणाली, 'तू पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर मी आवाज बंद ठेवला असता.' त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून पहिल्याच आठवड्यात चार गोष्टी उघड बोलून घ्या: दिवा किती वाजता बंद, गजर कसा, पाहुणे केव्हा, एकमेकींच्या वस्तू वापरायच्या की नाही. तेव्हा ते अवघड वाटतं, पण दोन महिन्यांनी त्याहून अवघड होतं.

पालक हमखास विचारतात की रूममेट अभ्यासू नसेल तर आमच्या मुलाचं काय होणार. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना खोल्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या मिळायच्या. अर्थशास्त्रज्ञ ब्रूस सॅसरडोट यांनी त्या नोंदी तपासून २००१ साली निबंध लिहिला. रूममेटचा परिणाम गुणांवर आणि कुठल्या मंडळात जायचं यावर दिसला, पण मुख्य विषय कोणता घ्यायचा यावर दिसला नाही. म्हणजे संगतीनं सवयी बदलतात, पण मनातली वाट सहसा बदलत नाही.

९. पहिल्या आठवड्यातच सगळ्यांचे ग्रुप झाले. मी बाहेर राहिले/राहिलो. आता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की आपण एकटेच.

पहिल्या आठवड्यातले ग्रुप खोल्यांवरून होतात. त्यात निवड फारशी नसते. फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या संशोधकांनी १९५० साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थी वसाहतीतल्या मैत्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेजारच्याच दारातल्या लोकांची नावं मित्र म्हणून ४१ टक्के वेळा आली होती, त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या टोकाच्या दारातली फक्त १० टक्के. अंतर म्हणाल तर काही पावलांचं. जिन्याजवळ राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावर जास्त ओळख होती, कारण वरचे लोक त्यांच्या दारावरूनच जायचे.

आपला यातला फायदा असा: जागा बदलली की ओळखी बदलतात. खोली सहज बदलता येत नाही, पण बसायची जागा येते. ग्रंथालयात रोज एकाच टेबलाशी, ठरावीक वेळी बसा. मेसला रोज त्याच वेळी जा. तीन आठवड्यांत त्या वेळेची माणसं तुम्हाला ओळखायला लागतात. ग्रुपमध्ये घुसायची धडपड केलीत तर दमाल.

आणि ते पहिल्या आठवड्यातले ग्रुप? माझ्या डोळ्यांदेखत त्यातले निम्मे तरी दुसऱ्या सत्रापर्यंत मोडले.

१०. इतरांना माझ्यापेक्षा खूप जास्त मित्र आहेत असं का वाटतं?

कारण थोडंफार ते खरंच असतं, आणि त्यात तुमचा दोष नसतो. समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ साली गणितानं दाखवलं की सरासरी पाहिली तर माणसाच्या मित्रांना त्याच्यापेक्षा जास्त मित्र असतात. ज्याला खूप मित्र असतात तो खूप जणांच्या यादीत येतो. ज्याला दोनच असतात तो दोघांच्याच यादीत. तुम्ही ज्यांच्याकडे बघून हिशोब करता ती माणसं जास्त मित्र असल्यामुळेच तुमच्या नजरेत आलेली असतात. लहान कॅम्पसवर ही दोन-चार सर्वांच्या ओळखीची माणसं दिवसातून सहा वेळा दिसतात, म्हणून जास्त बोचतं.

११. सगळ्यांना सगळं कळतं हे खरं आहे का?

हो. आणि अर्धवट कळतं, तो त्रास जास्त.

हिशोब करून पाहा. चाळीस जणांच्या तुकडीत दोघादोघांच्या जोड्या होतात ७८०. चारशे जण असतील तर ७९,८००. चाळिसांतली प्रत्येक जोडी सत्रात कधी ना कधी एकत्र बसतेच, त्यामुळे बातमीला आडवाटेची गरज नसते. माकडांच्या अभ्यासातून माणसाकडे आलेले रॉबिन डनबार यांनी १९९२ मध्ये माकडवर्गीय प्राण्यांच्या मेंदूच्या आकारावरून अंदाज बांधला होता की माणसाला साधारण दीडशे जणांशी खरे संबंध ठेवता येतात. आकड्यावर वाद आहेत. पण दोनशे जणांच्या वसतिगृहात कोण कुणावर रुसलंय हे सगळ्यांना का माहीत असतं, याचं त्यात थोडं उत्तर आहे.

उपाय दोन. लपवायचं ते कॅम्पसवरच्या कुणालाच सांगू नका, 'फक्त तुला सांगते' असं म्हणून तर मुळीच नाही. आणि जे कळणारच आहे ते स्वतःच्या तोंडानं आधी सांगून टाका. नापास झाल्याची बातमी मी स्वतः मेसमध्ये मोठ्यानं सांगितली होती. दोन दिवसांत विषय संपला. माझ्याबरोबरच्या एकीनं लपवली, तिच्याबद्दल सत्रभर कुजबुज चालू होती.

१२. ब्रेकअप झालं आणि दोघं एकाच वर्गात आहोत. कसं निभावायचं?

नऊ जणांच्या वर्गात हे फार जड जातं. बसायच्या जागा, मेसच्या वेळा, अभ्यासाचा गट एवढ्या तीन गोष्टी दोघांनी एकदाच, शक्यतो लिहून, ठरवा. समान मित्रांना बाजू घ्यायला लावू नका. त्यांनाही याच कॅम्पसवर राहायचं आहे. प्रकल्पात एकत्र असाल तर शिक्षकांना कारण न सांगता 'गट बदलून हवा आहे' एवढं म्हटलं तरी पुरतं. कारण त्यांना बहुधा ठाऊक असतंच (प्रश्न ११). समोरची व्यक्ती पाठलाग करत असेल, धमकावत असेल, तर ते ब्रेकअप राहिलं नाही. सरळ प्रश्न १७ कडे जा.

१३. वर्गात नऊच जण आहेत आणि रिलेटिव्ह ग्रेडिंग (श्रेणी इतरांच्या तुलनेत ठरवणं) आहे. हे न्यायाचं आहे का?

माझ्या मते नाही. नऊ जणांत एक माणूस म्हणजे ११ टक्के. वरच्या १० टक्क्यांना सर्वोच्च श्रेणी असा नियम शब्दशः लावला तर ती श्रेणी कुणालाच मिळणार नाही, किंवा गोळाबेरीज करून एकाला मिळेल. शिवाय नऊच्या नऊ जण चांगले असू शकतात. एवढ्या लहान गटात वरचे, मधले, खालचे असे ठरावीक वाटे पडतीलच, असं मानायला काही आधार नाही.

बऱ्याच ठिकाणी अमुक संख्येखाली ठरलेल्या गुणांवर श्रेणी द्यायची तरतूद असते, फक्त कुणी तिकडे बोट दाखवत नाही. सत्राच्या सुरुवातीलाच परीक्षा विभागाला ईमेल करून विचारा. निकालानंतर विचारलंत तर ती तक्रार ठरते, आधी विचारलंत तर चौकशी.

१४. फीडबॅक निनावी असतो म्हणतात. सात जणांच्या वर्गात तो निनावी कसा राहणार?

राहत नाही. हस्ताक्षर नसलं तरी बोलण्याची ढब ओळखू येते. आमच्या वर्गात 'खरं तर' हा शब्द दर वाक्यात वापरणारा एकच मुलगा होता, आणि त्याचा फॉर्म कुणीही ओळखला असता.

फॉर्म गुण जाहीर झाल्यावरच शिक्षकांना दाखवतात का, हे विचारा. लहान वर्गांचे फॉर्म दोन-तीन विषय मिळून एकत्र दाखवायची विनंती वर्गप्रतिनिधीमार्फत करता येते. आणि लिहिताना फक्त तुम्हाला आणि त्यांनाच माहीत असलेला प्रसंग टाळा. 'त्या दिवशी मी शंका विचारली तेव्हा' ऐवजी 'वर्गात शंकांना वेळ मिळत नाही'.

१५. माझ्या विषयाचे एकमेव प्राध्यापक रजेवर गेले / नोकरी सोडून गेले. माझं काय?

लहान विभागाला हा धोका कायमचा असतो. एक माणूस गेला की अख्खी शाखा जाते. घाबरून विषय बदलायच्या आधी हे करा:

जाणाऱ्या प्राध्यापकांना भेटा. बाहेरून मार्गदर्शक म्हणून राहायला बरेच जण तयार असतात; विद्यापीठातला दुसरा कुणी कागदोपत्री सहमार्गदर्शक होतो आणि काम चालू राहतं. हे त्यांच्या निरोप समारंभाच्या आधी लेखी करून घ्या. नंतर त्यांच्यामागे नवं गाव, नवं काम असतं.

विभागप्रमुखांकडून 'तुमचा अभ्यासक्रम कसा पूर्ण करून देणार' याचं लेखी उत्तर घ्या. दुसऱ्या विद्यापीठातला किंवा ऑनलाइन विषय करून क्रेडिट धरता येतात का, हेही त्याच पत्रात विचारा. तोंडी आश्वासन देणारे साहेबही उद्या बदलू शकतात.

१६. शिफारसपत्रं तीन लागतात, पण मला नीट ओळखणारे शिक्षक एकच. चालेल का?

त्या एकांचं पत्र उत्तम असेल. मोठ्या विद्यापीठात 'या विद्यार्थ्याला अ श्रेणी मिळाली' एवढंच लिहिणारे असतात. इथं तुमचा तिसरा कच्चा खर्डा कसा होता हेसुद्धा त्यांना आठवतं. उरलेल्या दोघांसाठी शेवटच्या वर्षाची वाट पाहू नका. दुसऱ्या वर्षापासूनच आणखी दोघांकडे एखादा विषय, छोटा प्रकल्प, प्रयोगशाळेतली मदत असं काहीतरी घ्या. ग्रंथपाल किंवा क्रीडा प्रशिक्षक यांचं पत्र चालतं का ते जिथे अर्ज करताय तिथल्या सूचनांत पाहा. काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी फक्त शिकवणाऱ्यांचंच लागतं.

१७. तक्रार करायची आहे, पण समितीतले सगळे एकमेकांचे मित्र आहेत.

हा प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज फोनवर नेहमी खाली आलेला असतो.

आधी नोंद करा: तारीख, वेळ, जागा, कोण होतं, काय शब्द वापरले. त्याच दिवशी. मेसेज पुसू नका, फोटो काढून कॅम्पसबाहेरच्या विश्वासू माणसाकडे पाठवून ठेवा.

तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. त्यातच लिहा की अमुक सदस्याचे संबंधिताशी जवळचे संबंध आहेत, म्हणून या प्रकरणात त्यांनी समितीवर बसू नये. ही मागणी उद्धटपणाची नाही, कुठल्याही चौकशीत ती रास्तच धरली जाते. बाहेरचा सदस्य मागा. सुनावणीला सोबत कुणाला आणता येतं ते विचारा. 'घरातली गोष्ट घरातच मिटवू' असं कुणी मायेनं सांगायला लागलं, तर त्यांना म्हणा की हेच लिहून द्या. बहुतेक जण लिहून देत नाहीत.

मारहाण, लैंगिक अत्याचार, धमक्या यांसाठी कॅम्पसच्या परवानगीची गरज नाही. थेट पोलिसांकडे जाता येतं, दोन्ही वाटा एकाच वेळी चालू ठेवता येतात.

रेक्टर असताना मीही एकदा चुकले होते. एका मुलीला 'थोडं थांबून बघू' असं म्हटलं, कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याला मी तीन वर्षं ओळखत होते. ती थांबली नाही, वरच्या कार्यालयात गेली. तिनं बरोबर केलं.

१८. खूप एकटं वाटतं. समुपदेशक आहेत, पण त्या रोज मेसमध्ये भेटतात. कसं बोलू?

पहिल्याच भेटीत विचारा: मी सांगितलेलं कुणापर्यंत जातं, नोंदी कुठे राहतात, बाहेर दिसलात तर ओळख दाखवणार का? चांगल्या समुपदेशक हे स्वतःहून सांगतात. जिवाला धोका असेल तर त्यांना गुप्तता मोडावी लागते, तेही त्या आधीच सांगतील. ज्या समुपदेशक तुम्हाला शिकवतात किंवा गुण देतात त्यांच्याकडे जाऊ नका; दुसऱ्या मागा. फोनवरून किंवा ऑनलाइन बोलणाऱ्या बाहेरच्या समुपदेशकांचा पर्याय लहान कॅम्पसवाल्यांना जास्त सोयीचा पडतो.

आणि जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर हे पान वाचत बसू नका. शेजारचं दार वाजवा, आत्ता, कितीही वाजले असोत. कुणी नसेल तर आपत्कालीन क्रमांक लावा. लहान कॅम्पसवर दार जवळ असतं.

१९. नोकरीच्या वेळी लहान विद्यापीठाचं नाव कुणाला माहीत नसतं. तोटा होतो का?

पहिल्या चाळणीत होतो. मोठ्या ठिकाणी कंपन्या स्वतः येतात, इथं तुम्हाला जावं लागतं.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ सालचा गाजलेला निबंध इथं उपयोगी आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, ज्यांनी नोकरीची बातमी दिली ते तुम्हाला किती वेळा भेटायचे? नेहमी भेटणारे १६.७ टक्के निघाले, अधूनमधून भेटणारे ५५.६ आणि क्वचित भेटणारे २७.८. जिवलगांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला असतं.

लहान कॅम्पसवर सगळेच जिवलग होतात आणि दूरची ओळख उरत नाही, ही खरी अडचण. माजी विद्यार्थी ही तुमची दूरची ओळख. तीन-चार वर्षांपूर्वी त्याच वसतिगृहात राहिलेल्या अनोळखी माणसाला लिहा. 'मी दुसऱ्या मजल्यावर, नळ गळणाऱ्या खोलीत राहते' असं सुरू झालेल्या ईमेलला उत्तर न आल्याचं मी पाहिलेलं नाही. आणि वर्षातून एकदा तरी बाहेरच्या शिबिराला, स्पर्धेला, इंटर्नशिपला जा. त्याचा खर्च द्यायची तरतूद विभागाकडे असली, तर मागणारे इथं थोडेच असतात.

२०. मी वसतिगृहात राहत नाही, रोज ये-जा करते/करतो. मी कायम बाहेरचाच राहणार का?

संध्याकाळी सहानंतर जे घडतं ते तुम्हाला दुसऱ्या दिवशी ऐकायला मिळतं, आणि विनोद समजेपर्यंत तो शिळा झालेला असतो. आठवड्यातला एक दिवस ठरवून उशिरापर्यंत थांबा, शक्यतो तोच दिवस दर आठवड्याला. त्याचं कारण प्रश्न ९ मध्ये आहे. सामान ठेवायला ग्रंथालयात लॉकर मागून घ्या. दिवसभर पाठीवर दप्तर असलं की माणूस निघायच्या बेतातच दिसतो.

दुसरी बाजूही आहे. तुम्हाला रोज फाटकाबाहेर पडता येतं, त्याचा हेवा करणारे वसतिगृहात पुष्कळ असतात.

२१. एक सत्र झालं, अजिबात करमत नाही. विद्यापीठ बदलू का?

आधी त्रास कशाचा ते वेगळं काढा. रूममेटचा असेल तर खोली बदला, विद्यापीठ नको. हवे ते विषयच चालत नसतील तर दुसरं वर्ष थांबूनही ते चालणार नाहीत; बदला, लवकर बदला. माणसं फार जवळ येतात हाच त्रास असेल तर तो स्वभावाचा भाग आहे. काहींना गर्दीत निनावी असण्यातच मोकळं वाटतं. त्यात काही उणं नाही, त्यांनी मोठ्या ठिकाणी जावं.

निर्णय परीक्षेच्या आठवड्यात किंवा सुटीवरून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी घेऊ नका. क्रेडिट तिकडे धरले जातील का, हे नव्या विद्यापीठाकडून लेखी आल्याशिवाय इकडचा प्रवेश रद्द करू नका.

२२. सुटीत कॅम्पसवर राहता येतं का?

अर्ज केला तर बहुधा येतं, पण मेस बंद असू शकते आणि एखाद्याच इमारतीत सगळ्यांना हलवतात. एकदा राहून बघाच. ज्यांच्याशी दोन वर्षं नुसती मान हलवली होती अशा तिघींशी माझी मैत्री त्या रिकाम्या इमारतीत झाली.

२३. खोली सोडताना अनामत रक्कम कापतात. काय काळजी घ्यावी?

ती काळजी सोडताना नव्हे, पहिल्या दिवशी घ्यायची. सामान आत ठेवण्याआधी रिकाम्या खोलीचे फोटो काढा: भिंतीवरचे डाग, कपाटाची कडी, खिडकीची काच, गादीची खालची बाजू. तारखेसह रेक्टरना ईमेल करा. मी रेक्टर होते त्या वर्षांत असा ईमेल मला एकूण चार जणांनी पाठवला, आणि त्या चौघांकडून एक पैसाही कापता आला नाही. बाकीच्यांशी दरवर्षी त्याच तुटक्या कडीवरून वाद. ती कडी मी स्वतः विद्यार्थिनी असतानाही तुटलेलीच होती.